घरच्या म्हाताऱ्या माणसांची सेवा आणि सेवा करणाऱ्याची पाळी

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानांतून आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाचट, पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. तरी सुरुवात शेतापासूनच करतो.

सिद्धेश्वर आणि इसापूरच्या कालव्यांवर पाणी पाळीने मिळते. आपली बारी आली की रात्री-अपरात्री उठून दारं धरावी लागतात. बारी संपली की पुढच्याची सुरू होते. एकाच माणसाने सबंध उन्हाळाभर रात्रंदिवस दारं धरायची ठरवली, तर माणूसही आजारी पडेल आणि ऊसही नीट भिजणार नाही. हे कोणाला शिकवावे लागत नाही.

घरातले म्हातारे माणूस बाजेवर पडले की मात्र आपण हा साधा नियम विसरतो. तेथे बारी एकाचीच असते आणि ती वर्षानुवर्षे संपत नाही. म्हणून या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. वृद्धांची सेवा हे सबंध घराचे काम आहे. त्याची पाळी लागली पाहिजे आणि सेवा करणाऱ्याच्या तब्येतीचीही चौकशी झाली पाहिजे.

ओझे नेमके कोणावर?

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. आता ती बरीच वाढली आहेत. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या वेळी पन्नाशीत असलेले सभासद आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. ज्यांनी शेअर्स घेतले, पहिला ऊस लावला, त्यांच्यापैकी कित्येकांचे गुडघे गेले, कित्येकांना अर्धांगवायू झाला, काहींना आता स्वतःचा मुलगाही ओळखू येत नाही.

यांचे सगळे कोण करते? आई-वडिलांचा व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण यासाठी २००७ साली कायदा झाला. त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात असे लिहिले आहे. सुनेचे नाव त्यात नाही. घरात मात्र औषध, अंघोळ, जेवण, रात्रीचे उठणे हे सगळे बहुतेक ठिकाणी सुनेच्याच अंगावर आहे. ज्याच्यावर कायद्याने जबाबदारी टाकली तो 'मी बापाला सांभाळतो' असे पारावर सांगतो, आणि जिच्यावर टाकलेली नाही ती रात्री तीन वाजता चादर बदलते. कोणाला दुखवायला आम्ही हे लिहीत नाही, पण हिशेब मांडायचा तर खरा मांडावा.

हंगामात तर जास्तच ओढ होते. घरधनी तोडणीच्या मागे, गाडी भरायच्या मागे. पंपाची लाईट रात्रीची असली की तो रात्रभर शेतात. बाई दिवसा घर आणि जनावरे बघते, रात्री आजाऱ्याजवळ जागते. असे दोन महिने गेले की ती चिडचिडी होते, आणि मग लोक म्हणतात, 'हिला सासू नको झाली.' तिला सासू नको झालेली नसते, तिला झोप हवी असते.

घरातली बैठक

सहकारी संस्थेत विषयपत्रिका निघते, चर्चा होते, ठराव होतो आणि तो बुकात लिहिला जातो. घरात याच कामासाठी एक बैठक घ्यावी. सगळी भावंडे बोलवावीत, बहिणींनाही बोलवावे. म्हाताऱ्या माणसाला समजत असेल तर त्यालाही बसवावे आणि आधी विचारावे, 'तुम्हाला काय पाहिजे?' पुष्कळदा त्यांचे मागणे लहान असते. बाज दाराजवळ पाहिजे, रेडिओ पाहिजे, आखाड्यावर एकदा जाऊन ऊस बघायचा असतो.

बैठकीत पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१) रात्रीची पाळी. पहिल्या प्रहरापासून दोनपर्यंत एकाने, दोननंतर दुसऱ्याने. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात दुसरी सोय करावी.

२) अंगाची स्वच्छता. सासऱ्यांची अंघोळ आणि लघवी-संडास मुलाने किंवा नातवाने करावे. सुनेने करायचे म्हटले की दोघांनाही संकोच होतो. म्हातारा माणूस लाजेपोटी पाणी कमी पितो आणि त्याने दुखणे वाढते.

३) औषधे कोणी आणायची, दवाखान्यात कोणी न्यायचे.

४) खर्च. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाला येता येत नसेल तर त्याने दरमहा ठराविक रक्कम पाठवावी. पण पैसे पाठवले म्हणजे रात्र जागली असे होत नाही. वर्षातून पंधरा दिवस तरी त्याने येऊन पाळी घ्यावी.

५) सेवा करणाऱ्या बाईची सुट्टी. आठवड्यातून अर्धा दिवस आणि वर्षातून आठ-दहा दिवस माहेरी. त्या काळात कोण बघणार त्याचे नाव आधीच लिहून ठेवावे. लेकी हौसेने येतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्चही फार नाही.

हे सगळे एका वहीत लिहावे. तोंडी ठरलेले चार दिवसांत विरून जाते.

हाताची कामे : ध्यानात ठेवायच्या गोष्टी

माणूस बाजेला खिळले की पहिला शत्रू म्हणजे अंगाला पडणाऱ्या जखमा. एकाच कुशीवर पडून राहिले की माकडहाड, खुबे, टाचा येथे रक्त फिरत नाही, कातडी लाल होते आणि पुढे कुजते. उपाय पैशाचा नाही, लक्षाचा आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली मऊ उशी किंवा घडी घालावी. चादर कोरडी आणि सुरकुत्या नसलेली असावी. लाल झालेली जागा चोळू नये, चोळल्याने आतले मांस आणखी दुखावते. हवेची गादी मिळाली तर चांगलेच, पण ती आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नये.

उचलताना दोघांनी उचलावे. माणसाखाली जाड चादर घालून दोन्ही बाजूंनी चादरीसकट सरकवावे. गुडघे वाकवून बसावे, कमरेत वाकू नये. सेवा करणाऱ्यांची कंबर जाते ती बहुधा येथेच.

जेवण बसवून द्यावे, पडल्या पडल्या देऊ नये. घास लहान असावा आणि घाई नसावी. जेवल्यावर अर्धा तास टेकून बसवावे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण अन्नपाणी श्वासनळीत जाऊन छातीत जंतू होतात. तोंड रोज दोनदा स्वच्छ करावे. दात नसले तरी हिरड्या पुसाव्यात.

औषधांची एक वही ठेवावी. कोणती गोळी, केव्हा, कोणी दिली. पाळी बदलणाऱ्याने वही बघितली की गोळी दोनदा जात नाही आणि चुकतही नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि माणूस जेवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतते.

दोन प्रसंगी थांबू नये. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे जड झाले तर ते अर्धांगवायूचे लक्षण आहे. किती वाजता झाले ते बघून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळण्यात आणि अंगारा लावण्यात तो वेळ घालवू नये. दुसरा प्रसंग असा. कालपर्यंत नीट बोलणारे माणूस आज एकाएकी बरळायला लागले तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे अशी कारणे असतात आणि ती बरी होतात.

विसरभोळेपणा हा आजार आहे

हळूहळू वाढणारा विसरभोळेपणा ही वेगळी गोष्ट आहे. नुकतेच जेवलेले माणूस 'मला कोणी खायला दिलं नाही' असे शेजाऱ्याला सांगते. सून पैसे चोरते असा संशय घेते. गावात याला म्हातारचळ म्हणतात आणि हसतात. पण तो मेंदूचा आजार आहे, स्वभाव नव्हे. अल्झायमर हा त्यातला जास्त आढळणारा प्रकार. अशा माणसाशी वाद घालू नये. 'तुम्ही आत्ताच जेवलात' असे दहा वेळा सांगण्यापेक्षा मूठभर लाह्या हातावर ठेवाव्यात आणि विषय बदलावा. उठणे, अंघोळ, जेवण यांची वेळ रोज तीच ठेवावी. रात्री लहान दिवा चालू असावा.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक जपणूक लागते. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, विहिरीवर जाळी असावी, आणि खिशात नाव-गाव व घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. घरातून निघून गेलेली माणसे जुन्या आखाड्याच्या वाटेला लागतात, हे गावकऱ्यांनाही माहीत असावे.

शेजाऱ्यांनीही एक करावे. आजारी माणूस सुनेची तक्रार सांगते तेव्हा ती गावभर करू नये. आधी घरात जाऊन बघावे. खरेच हाल होत असतील तर बोलावे, नसतील तर त्या बाईला दोन शब्द धीराचे सांगावेत.

सेवा करणाऱ्याची तब्येत

झोप न लागणे, बारीकसारीक गोष्टींवर रडू येणे, सतत डोके-कंबर दुखणे, जेवण न जाणे, 'हे आता संपावं' असा विचार मनात येणे ही थकव्याची लक्षणे आहेत. असा विचार आला म्हणून आपण पापी झालो असे कोणी समजू नये. रात्री-रात्री जागलेल्या माणसाच्या मनात तो येतो. तो लपवण्यापेक्षा घरातल्या एकाजवळ तरी बोलावा.

काही घरांत हात उचलला जातो, खाणे आपटून दिले जाते. हे चुकीचे आहे, त्याला क्षमा नाही. पण ते घडू नये म्हणून काय करावे हेही सांगितले पाहिजे. राग अनावर झाला की आजाऱ्याला सुरक्षित ठेवून बाहेर यावे, पाच मिनिटे अंगणात बसावे, तोंडावर पाणी मारावे आणि दुसऱ्याला हाक मारावी. आणि ज्याला हाक मारली त्याने 'काय झालं' विचारत बसू नये, उठून जावे.

मन फारच खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. सेवा करणाऱ्याने स्वतःचे रक्तदाब-साखर तपासून घ्यावे. आजाऱ्याला घेऊन दवाखान्यात जाताच, तर स्वतःचेही दाखवून या.

सरकारी मदत आणि कागदपत्रे

सत्तर वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. २०२४ च्या ऑक्टोबरात ते सुरू झाले. त्यावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार होतात. घरी बाई ठेवण्याचा खर्च त्यातून मिळत नाही, हे लक्षात असू द्यावे.

२०२४ सालीच राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्ट वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, संडासची खुर्ची, चष्मा, कानाचे यंत्र यांसाठी एकदा तीन हजार रुपये अशी ती योजना. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. अर्धांगवायूने कायमचे अपंगत्व आले असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते मागायला संकोच नको. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे.

२००७ च्या कायद्याप्रमाणे सांभाळ न होणाऱ्या आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देताना 'सांभाळ करीन' ही अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. तशी अट असून सांभाळ झाला नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते.

सभासदांसाठी आणखी एक. शेअर ज्यांच्या नावे आहे त्यांचे नामनिर्देशन कारखान्याच्या दप्तरी झाले आहे की नाही ते पाहून घ्यावे. माणूस शुद्धीत आणि हिंडते-फिरते असतानाच ही कामे करावीत. बेशुद्धीत अंगठा उठवून घेणे हा गुन्हा तर आहेच, पण भाऊबंदकीची सुरुवातही तेथूनच होते.

सेवा आणि देव

सेवा करणाऱ्या बायका पुष्कळदा म्हणतात, 'माझी एकादशी गेली, वारी गेली, देवळाची पायरी चढून वर्ष झालं.' त्यांनी पुंडलिकाची कथा आठवावी. आई-वडिलांच्या सेवेत असताना देव दारी आला, तर पुंडलिकाने त्याला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, अजून उभा आहे. ज्या सेवेसाठी देवाला थांबता येते, त्या सेवेपायी देऊळ चुकले तर काही बिघडत नाही.

दुसरी कथा आपल्या मुलखाच्या अगदी जवळची आहे. संत नामदेवांचे नर्सी आपल्या जिल्ह्यात, आणि त्यांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. परंपरा सांगते की जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्यासोबत जाते ओढायला बसत असे. यातली मेख लक्षात घ्यावी. देवाने जनीला 'सोस' असे सांगितले नाही, 'तुला पुण्य मिळेल' असेही सांगितले नाही. त्याने खुंट्याला हात लावला. घरातल्या सुनेला 'तुला मोठं पुण्य लागेल गं' म्हणणारे पुष्कळ असतात, खुंट्याला हात लावणारा पाहिजे.

सगळ्या धर्मांत हेच सांगितले आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने अंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा, असे संघाला बजावले. म्हाताऱ्या आई-बापांपुढे त्राग्याचा एक उद्गारही काढू नये, असे कुराणात सांगितले आहे. रात्रीच्या पाळीत बाजेजवळ बसून हरिपाठ म्हणावा, वंदना म्हणावी, दुवा मागावी. आजाऱ्यालाही धीर येतो आणि जागणाऱ्यालाही.

गावाने काय करावे

केरळात कोळिकोड येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य आजाऱ्यांच्या वेदना कमी करण्याचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावची साधी माणसे, शिक्षक, शेतकरी, दुकानदार त्यात आली. आठवड्यातले दोन-तीन तास देऊन ती आजाऱ्यांच्या घरी जातात, नर्सबाईंना मदत करतात, घरच्यांना घटकाभर मोकळे करतात. २००८ साली केरळ शासनाने त्याचे धोरणच केले. आम्हाला हे वाचून वाटते की हा तर सहकारच आहे. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात एकेकट्या शेतकऱ्याला न झेपणारे काम सगळ्यांनी मिळून उचलले, तसेच हे.

आपल्या गावात एवढे तरी होईल. बचत गटाने किंवा सोसायटीने एक चाकाची खुर्ची, एक वॉकर, एक संडासची खुर्ची, एक हवेची गादी घेऊन ठेवावी. लागेल त्याने न्यावी, काम झाले की धुऊन परत करावी. भजनी मंडळाने आठवड्यातून एक भजन आजाऱ्याच्या अंगणात करावे. तेवढा दीड तास घरच्या बाईला झोपू द्यावे. आशाताईंकडून गावातल्या अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करून घ्यावी.

या यादीत ऊसतोड कामगारांच्या आई-वडिलांची नावे विसरू नयेत. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून तरणी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बाहेर पडतात आणि घरी म्हातारी माणसे व लहान नातवंडे राहतात. आपला ऊस कोणाच्या तरी लेकाने तोडलेला असतो. त्याची माय गावात एकटी तापाने फणफणत असेल तर तिला तांब्याभर पाणी देणे हे आपले देणे आहे. पासष्ट वर्षांवरील, वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्यांसाठी श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये असतात. त्याचा अर्ज तहसीलला भरून द्यायला शिकलेल्या मुलांनी मदत करावी.

सभासदहो, हंगामाची धावपळ सुरू व्हायच्या आत एका संध्याकाळी घरातली ही बैठक घ्या. वही उघडा, पाळ्या लिहा. आणि पहिल्या ओळीत, आजवर जिने एकटीने बारी ओढली तिच्या नावापुढे 'आठ दिवस सुट्टी' असे लिहा.